चौलच्या भूमींतील समाधिशिला

धर्मग्रामाची जुबिली आली म्हणजे आपण प्रथम काय मोजतों? बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, शाळेंत मुलें किती, मंडळांत सभासद किती. हा हिशेब योग्यच आहे. परंतु ज्यांनीं हें देऊळ उभें केलें, ज्यांच्या गुडघ्यांनीं त्याच्या फरसा झिजल्या, ते सर्व ह्या मोजदादींत येत नाहींत. कारण ते आतां देवळाच्या आंत नसून त्याच्या कडेला, मातीखालीं आहेत. म्हणून आम्ही आज वाचकांस देवळाच्या मोठ्या दारानें न नेतां बाजूच्या लहान फाटकानें कबरस्थानांत नेऊं इच्छितों, आणि तेथून पुढें चौलच्या प्राचीन भूमीवर थोडें फिरवून आणूं इच्छितों.

दिवेलागणीनंतर कबरस्थानाकडे पाऊल टाकूं नये असें आपल्याकडे मुलांस सांगतात. मोठीं माणसेंही 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशीं मेणबत्त्या व फुलें घेऊन जातात, आणि एरवीं तेथें गवत माजतें. हें भय ख्रिस्ती श्रद्धेस शोभणारें नाहीं. लॅटिन देशांतील आपले धर्मबांधव ह्या जागेस 'पवित्र शेत' म्हणतात, आणि शेत म्हटलें कीं पेरणी आली, व पेरणी म्हटली कीं उगवणीची आशा आली. मृतांस मूठमाती देणें हें दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकीं एक आहे. तोबीतानें राजाच्या रोषाची पर्वा न करतां आपल्या बांधवांचीं प्रेतें पुरलीं, आणि त्या कृत्याचें स्मरण पवित्र शास्त्रानें राखून ठेविलें.

चौल हें बंदर फार जुनें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेंत त्याचें नांव आढळतें, टॉलेमीनें तें नोंदविलें आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत तें 'चेमुल' म्हणून कोरलेलें आहे. अरब त्यास 'सैमूर' म्हणत. अल् मसूदी हा प्रवासी इ. स. 916 च्या सुमारास येथें आला तेव्हां सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सुमारें दहा हजार मुसलमान येथें राहत असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. जेथें दूरदूरचीं माणसें येतात तेथें कांहीं माणसें परत जात नाहींत. म्हणून प्रत्येक मोठें बंदर हें एक मोठें कबरस्थानही असतें, आणि त्याची भूमि सर्वांस सारखीच घेते.

ह्या किनाऱ्यावरील मृतांचीं स्मारकें पाहूं लागलें कीं मन थक्क होतें. अलिबागेच्या उत्तरेस नवगांव येथें बेने इस्राएल लोकांची अतिप्राचीन दफनभूमि आहे. त्यांचे पूर्वज ज्या जहाजांतून आले तें येथें फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि जे बुडाले त्यांस तेथेंच पुरलें, अशी त्यांची परंपरा आहे. त्यांच्या अलीकडच्या कबरींवर हिब्रू व मराठी अशा दोन्ही लिपी शेजारीं शेजारीं दिसतात. अब्राहामानें सारेसाठीं चारशें शेकेल रुपें मोजून विकत घेतलेल्या मकपेलाच्या गुहेची कथा आपण ज्या ग्रंथांत वाचतों, तोच ग्रंथ हे आपले शेजारीही वाचतात. परक्या मुलखांत आपल्या मृतांसाठीं हक्काची जागा असावी, ही तळमळ त्या कथेइतकीच जुनी आहे. दक्षिणेस मुरुडजवळ खोकरी येथें जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांचे भव्य दगडी घुमट आहेत. अलिबाग शहरांत 1729 सालीं निवर्तलेल्या सरखेल कान्होजी आंगऱ्यांची समाधि आहे.

हिंदु समाजांत दहनाची चाल असली तरी लढाईंत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची जुनी रीत होती; त्यास वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटींत युद्ध, मधल्या चौकटींत अप्सरा वीरास घेऊन जात आहेत, आणि वरच्या चौकटींत तो आपल्या देवतेसमोर बसला आहे, असा त्यांचा सामान्य क्रम असतो. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या गलबतांच्या रांगा कोरल्या असून आरमारी लढाईचें असें चित्र दगडावर क्वचितच पाहावयास मिळतें. चौलच्या वाटेवरील आक्षी येथें शके 934 चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. तो मृताचा दगड नव्हे, दानाचा आहे. परंतु दगडावर लिहिलेला शब्द मोडूं नये ही भावना ह्या किनाऱ्यावर किती पुरातन आहे, हें त्यावरून कळतें.

आतां आपल्या ख्रिस्ती शिळांकडे वळूं. 1521 सालीं अहमदनगरच्या निजामशाहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनीं चौलच्या खाडीच्या मुखाशीं, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधावयास घेतला. पुढें त्याच्या तटाच्या आंत एक शहरच वसलें. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन ह्या चारही संघांचे मठ तेथें होते, आणि निराधारांस मूठमाती देणारी 'मिझेरिकॉर्दिया' ही बंधुसंस्थाही होती. आज तेथें नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांतून रहाटाच्या विहिरी ओलांडीत आम्ही हिंडलों, तेव्हां माडांच्या झावळ्यांवर डोकें काढून उभा असलेला सातखणी मनोरा वारंवार दृष्टीस पडत होता. तो फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बराच्या देवळाचा. जवळच संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या नांवाचें लहानसें प्रार्थनामंदिर दाखवितात.

त्या काळीं ख्रिस्ती माणसास पुरण्याची जागा म्हणजे देवळाची जमीनच. पोर्तुगालांत देवळाच्या आंत पुरण्यास कायद्यानें मनाई होऊन सार्वजनिक दफनभूमि सुरू झाल्या त्या 1835 मध्यें. तोंपर्यंत ज्यांची ऐपत होती त्यांस वेदीच्या जवळ, ज्यांची नव्हती त्यांस देवळाबाहेरच्या अंगणांत जागा मिळे. शिळा उभी नसे. ती फरशीसारखी आडवी बसविलेली असे, आणि सर्व लोक तीवरून चालत जात. पायांखालीं येणें ह्यांत अपमान नव्हता. उलट, ज्यांनीं आयुष्यभर हुकूम सोडले त्यांनीं मरणानंतर कोळ्याच्या व मजुराच्याही पायांखालीं यावें, ही नम्रतेची शेवटची शिकवण होती.

अशी शिळा वाचण्यास थोडा सराव लागतो, पण एकदां गोडी लागली कीं सुटत नाहीं. आरंभीं बहुधा 'आकि जाझ' म्हणजे 'येथें विसावला आहे', किंवा 'सेपुल्तूरा' म्हणजे 'कबर', असे शब्द असतात. रोमन लिपींतील 'यू' ह्या अक्षराऐवजीं 'व्ही' कोरलेला असतो. दोन अक्षरें एकमेकांत गुंतविलेलीं असतात. जागा वांचविण्यासाठीं शब्द आंखूड केलेले असतात. नांवानंतर पुष्कळदां 'व त्याच्या वारसांची' असे शब्द येतात, म्हणजे ती कबर एका माणसाची नसून घराण्याची, एक प्रकारची वतनी जागाच. घराण्याची ढाल कोरलेली असेल तर तो कुलीन समजावा. कवटी व तिच्याखालीं दोन आडवीं हाडें दिसलीं तर मुलें 'चांच्याची कबर' म्हणून ओरडतात. परंतु तें चिन्ह चांच्यांचें नव्हे. 'तूंही असाच होणार आहेस' हा उपदेश निरक्षरासही वाचतां यावा म्हणून तें कोरीत. भस्म-बुधवारीं कपाळावर राख लावतांना धर्मगुरु जें शब्दांनीं सांगतात, तेंच हा दगड वर्षभर सांगत असतो.

ह्या शिळांत विलक्षण अशा कांहीं आहेत. वसईच्या किल्ल्यांत जेझुइटांच्या देवळांत दोन विधवांच्या कबरी आहेत: इझाबेल द आग्वियार, मृत्यु 1591, आणि दोना फिलिपा द फोन्सेका, मृत्यु 1628. पहिली त्या विद्यालयाची थोर उपकारकर्ती होती, आणि दुसरीनें आपल्या हयातींतच सर्व मालमत्ता देवळास दिली, असें दगड सांगतो. वसईंत किती सेनापति, किती सुभेदार झाले. त्यांचीं नांवें सामान्य वाचकास ठाऊक नाहींत. पण हा दगड उरल्यामुळें एका विधवेचें दान आज चारशें वर्षांनीं आपण बोलून दाखवूं शकतों. मंदिराच्या भांडारांत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूनें जी गणना केली, तिची येथें आठवण होते.

जुन्या गोव्यांत, रोझरी मातेच्या देवळांत, कातेरिना आ पिरो हिचें स्मारक आहे. ती गव्हर्नर गार्सिया द सा ह्याची पत्नी. तो स्वतः 1549 सालीं अधिकारावर असतांनाच वारला. तिच्या मरणशय्येपाशीं संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या समक्ष दोघांचा विवाह लागला, अशी परंपरा आहे. तिच्या स्मारकावरील नक्षी मात्र युरोपांतील नाहीं. ती गुजराथेंतील मशिदी व कबरींवर दिसते त्या धर्तीची आहे. पोर्तुगीज बाई, लॅटिन धर्म, गुजराथी हात! हिंदुस्थानांतील ख्रिस्ती धर्म येथील कारागिरांच्या छिन्नीशिवाय उभा राहिला नाहीं, ह्याचें याहून सुंदर प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि स्वतः झेवियर? 3 डिसेंबर 1552 रोजीं चीनजवळच्या एका बेटावर ते निवर्तले. तेथें त्यांस पुरलें. तेथून देह मलाक्केस, आणि 1554 मध्यें गोव्यास आला. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें पाठविलेली संगमरवरी बैठक 1698 मध्यें त्यांच्या शवपेटीखालीं बसविण्यांत आली. मलाक्का येथील टेंकडीवर त्यांची रिकामी कबर अद्याप दाखवितात. जिवंतपणीं ज्यांस विश्रांति ठाऊक नव्हती, त्यांस मेल्यावरही प्रवास चुकला नाहीं.

दगड बोलतो तसा दगडाचा अभावही बोलतो. चौलच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध मृताला चौलांत कबर नाहीं. 1508 च्या मार्च महिन्यांत ह्याच खाडीच्या मुखाशीं इजिप्तचें आरमार व दीवचा मलिक अय्याज ह्यांनीं मिळून पोर्तुगीज गलबतांवर हल्ला केला. त्यांचा नायक लोरेन्सु द आल्मेदा, व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा ह्याचा तरुण मुलगा. त्याचें जहाज कोळ्यांनीं मासेमारीसाठीं रोंवलेल्या खुंटांत अडकलें. तोफेच्या गोळ्यानें त्याची मांडी फुटली, तरी डोलकाठीपाशीं बसून तो हुकूम देत राहिला. मग दुसरा गोळा लागला, आणि जहाजाबरोबर त्याचा देहही खाडीनें गिळला. तो पुन्हा सांपडला नाहीं. पुढच्या वर्षीं बापानें दीव येथें त्याचा भीषण सूड घेतला. परंतु मायदेशीं परततांना 1 मार्च 1510 रोजीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं झालेल्या चकमकींत तोही पडला, व परक्या वाळूंत पुरला गेला. सूडानें त्याच्या मुलास कबर मिळाली नाहीं, आणि त्यास स्वतःसही मायदेशची माती मिळाली नाहीं. आजही खाडीच्या मुखाशीं कोळी जाळीं टाकतात. त्या पाण्याकडे पाहतांना आम्हांस तेंच त्याचें कबरस्थान वाटलें.

ह्याच बंदरांत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. घरीं पोंचण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. रेवदंड्यास 2002 मध्यें त्याचें स्मारक उभारण्यांत आलें आहे. येथें स्मारक आहे पण देह नाहीं.

आणि एकदां ह्याच्या उलट झालें. रोमचा सरदार प्येत्रो देल्ला व्हाल्ले हा 1623 सालीं सुरतेकडून गोव्यास जातांना चौल बंदरांत थांबला. त्याच्या सामानांत एक पेटी होती. तीत त्याची पत्नी मानी हिचें मसाले भरलेलें प्रेत होतें. ती बगदादकडील ख्रिस्ती कन्या. 1621 च्या डिसेंबरअखेर इराणच्या किनाऱ्याजवळ तापानें वारली. परक्या भूमींत तिला सोडून जाणें त्याच्या जिवावर आलें. जहाजावर प्रेत असणें खलाशी अशुभ मानीत, म्हणून तो ती पेटी सामानांत लपवून नेत असे. अखेर 1626 मध्यें तो रोमला पोंचला, आणि आराचेली येथील देवळांत, आपल्या घराण्याच्या कबरींत, त्यानें तिला ठेविलें. कित्येक मुलूख व समुद्र ओलांडून केवळ एका कबरीसाठीं केलेला हा प्रवास! मृतांविषयींच्या प्रेमाची ह्याहून हट्टी कथा आम्ही वाचलेली नाहीं.

चौलच्या पोर्तुगीज शहरानें 1570-71 चा निजामशाही वेढा सोसला, 1594 मध्यें समोरचा कोर्लईचा किल्ला जिंकला, 1683 मध्यें संभाजी महाराजांच्या सैन्याचा वेढाही सोसला. वेढ्यांत दोन्ही बाजूंस शेंकडों पडतात, आणि त्यांस दगड कोण बसविणार? पुढें 1739 च्या मे महिन्यांत वसई चिमाजीअप्पांच्या हातीं आली, आणि 1740 च्या सप्टेंबरांतील तहानें चौल व कोर्लईही मराठ्यांस मिळालीं. गोरे अधिकारी गेले, श्रीमंत घराणीं गेलीं, बहुतेक धर्मगुरुही गेले. मठ ओस पडले. छप्पर पडलें कीं पाऊस आंत येतो. पाऊस आला कीं झाडें उगवतात. झाडांच्या मुळांनीं फरशा उचलल्या जातात. मग दगड ज्याला लागेल त्याचा. वसईच्या देवळांतील एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत आजही आहे. घंटा जपली गेली हें चांगलेंच झालें. परंतु 'येथें विसावला आहे' असें सांगणारा दगड जागचा हालला, कीं तो असत्य बोलूं लागतो.

मग मागें कोण राहिलें? गरीब राहिले. ज्यांस जाण्यास जहाज नव्हतें व जाऊन राहण्यास दुसरें गांव नव्हतें, असे ख्रिस्ती लोक कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशीं राहिले. पोर्तुगीज शिपाई व येथील स्त्रिया ह्यांच्या संसारांतून वाढलेली ही प्रजा. धर्मगुरु दुर्मिळ झाले तरी त्यांनीं क्रूस सोडला नाहीं. त्यांची बोली, जिला ते 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात, ती पोर्तुगीज शब्दांची असून मराठीच्या वळणानें वाक्य जुळविते. सुमारें हजारभर माणसेंच ती बोलतात. विद्वान दुरून येऊन तिचा अभ्यास करतात. आम्हांस वाटतें कीं चौलच्या ख्रिस्ती समाजाची खरी समाधिशिला हीच होय. फरक इतकाच कीं ती मृत नाहीं. रेवदंड्याच्या कप्तानांच्या ढाली झिजल्या, पण ज्या बायांचीं नांवें कोणीं दगडावर कोरलीं नाहींत, त्यांचे शब्द त्यांच्या नातवंडांच्या तोंडांत आजही ताजे आहेत.

जुन्या शिळांचें आकर्षण हें केवळ कुतूहल नव्हे. त्यांच्याकडे पाहतांना दोन प्रश्न मनांत उभे राहतात: कोणाचें नांव राहिलें, आणि कोणाचें राहिलें नाहीं? आपल्या स्वतःच्या कबरस्थानांतही हेच प्रश्न आहेत. जागा थोडी, म्हणून कांहीं वर्षांनीं कबर पुन्हा उकरली जाते. हाडें वेगळीं ठेवितात, आणि लांकडी क्रूस दोन पावसाळ्यांत कुजून जातो. कोणी ऐपतदार आपल्या आजोबांची जुनी दगडी शिळा काढून त्या जागीं चकचकीत फरशी बसवितो, आणि जुना दगड भिंतीशीं टेकवून ठेवतो. पुढच्या पिढीस तो कोणाचा हेंही ठाऊक नसतें. हें कोणी दुष्टपणें करीत नाहीं. प्रेमानेंच करतात. पण प्रेमानें पुसलेलें नांवही पुसलेंच जातें.

म्हणून जुबिलीच्या ह्या वर्षीं आम्ही कांहीं सूचना नम्रपणें मांडतों. आपल्या कबरस्थानांतील प्रत्येक अक्षरांकित दगडाची यादी करावी: नांव, तारीख, भाषा व जागा. शिळा वाचावयाची ती सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत; तेव्हां झिजलेलीं अक्षरेंही सांवली धरतात. ऊन नसेल तर आरसा धरून बाजूनें उजेड पाडावा. साधें पाणी व मऊ कुंचला एवढेंच वापरावें. तारेचा ब्रश, तेजाब किंवा सोड्याची भुकटी लावूं नये. एका दिवसाच्या स्वच्छतेसाठीं तीनशें वर्षांचें अक्षर जातें. अक्षरांत तैलरंग भरूं नये, कारण भरणाराची चूक पुढें खरी मानली जाते. कागदावर लिहून घ्यावें, छायाचित्र काढावें, आणि तें मृतांच्या नोंदवहीशीं ताडून पाहावें. नोंदवहींत ज्या गरिबांचीं नांवें आहेत पण दगड नाहीं, त्यांची यादी निराळी करून ती मृतांच्या दिवशीं मिस्सेच्या वेळीं मोठ्यानें वाचावी. दगड बसविण्याचा खर्च झेपत नसेल; नांव उच्चारण्यास खर्च लागत नाहीं.

रेवदंड्यास व कोर्लईस जाणारांनीं लक्षांत ठेवावें कीं ते अवशेष केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. तेथें खणूं नये, कांहीं उचलूं नये, स्वतःचें नांव कोरूं नये. वाड्या खाजगी आहेत. मालकांस विचारून आंत जावें. कोणाच्या वाडींत वा विहिरीच्या कांठीं अक्षरांचा दगड दिसला तर भांडण न करतां त्याचें छायाचित्र घ्यावें व जाणकारांस दाखवावें. 1876 सालीं आपल्याच धर्माचे गोमंतकीय वैद्य व पंडित डॉ. जेर्सन द कुन्हा ह्यांनीं चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो ह्याच चिकाटीनें: पाहणें, वाचणें, लिहून ठेवणें. रोग्यांची सेवा करून उरलेल्या वेळांत एका वैद्यानें जें केलें, तें आपल्या तरुण मंडळींस अशक्य कां वाटावें?

शेवटीं एवढेंच. जगांतील सर्वांत प्रसिद्ध कबर रिकामी आहे. तिच्या दारावरील धोंड कोण लोटील ह्या चिंतेंत तीन स्त्रिया पहाटे निघाल्या होत्या, आणि त्यांनीं पाहिलें तों धोंड लोटलेली होती. ज्या धर्माचा आरंभच एका उघड्या कबरीपाशीं झाला, त्या धर्माच्या लोकांनीं कबरस्थानास भिऊं नये, आणि विसरूंही नये. येत्या मृतांच्या दिवशीं मेणबत्ती आपल्या माणसाच्या कबरीवर लावून झाली कीं दुसरी एक बरोबर ठेवावी; ती जेथें दगड नाहीं, नांव नाहीं, केवळ गवत आहे, तेथें लावावी. तेथेंही आपलेंच कोणीतरी आहे.